तुम्ही विचारलंत म्हणून: फियाटच्या डाव्या दाराला आरसा का लावला

माझी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, धुळ्यात पाच कंदीलपाशी उभी असो की अमळनेरला एखाद्या लग्नात, जुन्या गाड्यांची आवड असलेलं कुणीतरी डाव्या दारापाशी थांबतं आणि विचारतं, "इतकी जपलेली पद्मिनी, आणि दाराला भोकं पाडलीत? इकडे तर आरसा नव्हता ना?" विचारणाऱ्याला गाडीची काळजी असते, म्हणूनच जरा सविस्तर सांगतो.

हो, पाडली. मोजून, विचार करून पाडली. पुन्हा अशी गाडी हाती आली तर सगळ्यात आधी हेच काम करीन.

माझी पद्मिनी ऐंशीच्या दशकातली. आरसा फक्त उजव्या दाराला होता, आणि तेव्हाच्या रस्त्याला तो पुरतही होता. पारोळा, एरंडोल करत जळगावला जाणारा सहा नंबरचा हायवे तेव्हा जाण्या-येण्याला एकेकच लेनचा होता. मागून येणारा हॉर्न वाजवत उजवीकडूनच पुढे जायचा. आता त्याच रस्त्याचा नंबर ५३ झाला आहे. लेन वाढल्या, लोड भरलेले ट्रक उजवी लेन धरून चालतात आणि मोटारसायकली डावीकडून निघतात. कापसाच्या दिवसांत ट्रॉलीच्या बाहेर हात हातभर माल लोंबत असतो. तिला ओलांडून पुन्हा डावीकडे यायचं, तर तिथे कोण आलंय हे दिसायलाच हवं. सारंगखेड्याच्या यात्रेत एकेका मोटारसायकलवर तिघं तिघं बसलेले असतात, तेही डावीकडूनच घुसतात. माझ्या गाडीला डावीकडचं दिसत नसेल, तर त्याची किंमत मी नाही, ती माणसं मोजतात. मला हे पटत नव्हतं.

"आतला आरसा आहे की," असं काही जण म्हणतात. मागच्या सीटवर तीन माणसं बसली की त्यात त्यांचे चेहरेच दिसतात. आणि मागच्या दाराला लागून चाललेली मोटारसायकल सीट रिकामी असली तरी त्यात येत नाही.

आता आरसा कुठे लावायचा, हा खरा प्रश्न. बहुतेक जण उजव्या आरशाचं माप घेतात आणि तसंच्या तसं डावीकडे उतरवतात. समोरून गाडी छान दिसते, पण चालवणारा मध्यभागी बसत नाही. उजवा आरसा त्याच्या हाताशी, डावा दुपटीहून लांब. दोन्ही एका रेषेत बसवले तर डाव्यासाठी मान कितीतरी जास्त वळवावी लागते, आणि शेजारी कुणी जरा पुढे झुकून बसलं की आरसा त्यांच्याआड जातो. पद्मिनीत आणखी एक अडचण आहे. पुढच्या दाराच्या तिकोनी काचेमागची उभी पट्टी बरोब्बर नजरेच्या वाटेत येते. म्हणून आरसा इतका पुढे घ्यायचा, की तो पट्टीच्या पुढून, त्या तिकोनी काचेतूनच दिसेल.

हे मापाच्या पट्टीवर ठरत नाही. मी रोजच्यासारखा सीटवर बसलो, शेजारच्या सीटवर पुतण्याला बसवलं आणि मिस्तरी आप्पा बाहेरून आरसा दाराला टेकवून बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवत राहिले. दर वेळी विचारायचे, "दिखस का?" सगळं मनासारखं दिसलं तेव्हा तिथे कागद चिकटवून आरशाच्या बुडाचा आकार काढून घेतला. उजव्यापेक्षा डावा थोडा पुढे आला. कुणी दाखवून दिल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

मडगार्डवर आरसा लावा, असाही सल्ला मिळाला. तो समोरच्या काचेतून दिसतो, मान कमी वळते, हे खरं. पण तो आणखी लांब, त्यामुळे त्यातलं चित्र फार बारीक होतं, आणि जागा हलली तर गाडी थांबवून खाली उतरावं लागतं. चिकटपट्टीवर बसणारे आरसेही मिळतात. खानदेशातल्या मे महिन्यात ऊन पंचेचाळीसकडे जातं, बंद गाडीचा पत्रा हात लावू देत नाही. तिथे चिकटपट्टीचा भरवसा मी धरत नाही.

काच बहिर्गोल घ्या. सपाट आरसा जितका लांब, तितका त्यात मागचा रस्ता कमी मावतो, आणि डावा तर लांबच असतो. बहिर्गोल काचेत रुंद पट्टा दिसतो, पण मागची गाडी लहान आणि म्हणून दूर भासते. तेव्हा कुणी आहे की नाही हे डाव्या आरशात बघायचं, आणि तो आतल्या सपाट आरशातही दिसत असेल तर किती जवळ आहे ते तिथे.

भोक पाडण्याआधी दाराचं आतलं पॅड काढून बघा. काच पूर्ण वर चढवा. ती खाली असेल तर ड्रिलचा बिट पत्रा भेदून थेट काचेला भिडतो. रंगावर कागदी टेप लावा, भोकाची खूण करायचा पंच हलक्या हातानं मारा, कारण जोरात मारला तर दाराला खड्डा पडतो. आधी तीन मिलिमीटरचा बिट, मग हवा तो. भोकाची धार कानशीनं घासून उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. दाराच्या पोटात पडलेला लोखंडी चुरा चुंबक फिरवून काढा. तो तळाशी बसतो, पहिल्या पावसात गंजतो आणि पाणी जायची भोकं बुजवतो. जुन्या गाड्यांची दारं खालूनच सडतात, त्यामुळे या कामाला कंटाळू नका.

पत्र्याचे स्क्रू पिळून मोकळं होणं सोपं आहे. पण दाराचा पत्रा पातळ, त्यात स्क्रूचे एक-दोनच आटे धरतात. खड्ड्यांनी आरसा थरथरतो, भोकं मोठी होतात आणि आरसा डुलायला लागतो. आम्ही आतून तळहाताएवढी लोखंडी पट्टी दिली, आरपार बोल्ट, स्प्रिंग वायसर आणि नट. बाहेरून बुडाखाली रबराचं पॅकिंग, म्हणजे पाणी आत जात नाही आणि रंगही घासत नाही.

राहिला मूळपणाचा मुद्दा. जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आणले. त्यात गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चासी (खालचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. आरशाच्या दोन भोकांना मी मोठा फेरफार मानत नाही. उद्या कुणाला गाडी प्रदर्शनात ठेवायची असेल, तर भोकं भरून रंग देणं डेंटरच्या हातचं काम आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. अशा वेळी चालती गाडी चालती ठेवणं मला न टोचलेल्या दारापेक्षा मोलाचं वाटतं.

डाव्या आरशापर्यंत सीटवरून हात पोचत नाही, तेव्हा तो निघण्याआधीच हवा तसा वळवून घ्या. क्षितिज मधोमध, आणि आतल्या कडेला आपल्या गाडीचा पत्रा जेमतेम दिसेल इतका. माझ्याकडचा कागदी नमुना हवा असेल तर खुशाल न्या, पण भोक पाडण्याआधी तुमच्या सीटवर तुम्ही स्वतः बसून बघा. तुमची उंची वेगळी, तुमची सीट किती पुढे-मागे असते तेही वेगळं.