रोपांवरचे पांढरे चट्टे

इमारतींच्या गच्चीवर भाजीपाल्याच्या बागा उभ्या करून देणे आणि त्यांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. पाऊस ओसरला की मुंबईत टोमॅटो, वांगी आणि मिरचीच्या रोपांची लगबग सुरू होते आणि नेमके त्याच सुमारास ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. अशाच एका दुपारी मुलुंडमधील एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. ‘‘रोपांवर बुरशी पडली आहे, कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करून घेतो,’’ असे ते म्हणाले. मी येईपर्यंत काहीही फवारू नका, असे सांगून मी तातडीने निघाले.

ही रोपे तिथल्या एका काकूंनी कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या ट्रेमध्ये, घरात खिडकीच्या काचेआड वाढवली होती. रोपे उत्तम होती. चार-पाच खरी पाने (अंकुराच्या पहिल्या दोन पानांनंतर येणारी) आल्यावर पुनर्लागवड करण्याची त्यांची वेळही बरोबर होती. मात्र सकाळी लावलेली ती रोपे दिवसभर चायना मोझॅकच्या, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवलेल्या गच्चीवर, वरून ऊन आणि खालून फरशीवरून परावर्तित होणारे ऊन, अशा स्थितीत उभी होती.

मी भिंग घेऊन पाने पाहू लागले. चट्टे कागदासारखे पातळ आणि पांढरे होते. त्यांना ना पिवळी कडा होती, ना बुरशीची पूड, ना पानामागे कोळी ही बारीक कीड. मातीलगतचे खोड टणक होते, म्हणजे रोप बुंध्याशी कुजून कोलमडणारा मर रोगही नव्हता. सर्वांत बोलका पुरावा पानांच्या रचनेत होता: जिथे वरच्या पानाची सावली खालच्या पानावर पडली होती, तेवढाच भाग हिरवागार राहिला होता आणि कठड्याच्या आडोशाला असलेल्या कुंड्यांमध्ये एकही चट्टा नव्हता. बुरशी अशी सावली पाहून थांबत नाही. घरातल्या मंद उजेडात वाढलेले पान पातळ आणि कोवळे असते, त्याला थेट उन्हाने भाजले होते. अशा पानांवर भर उन्हात तेल पडले असते, तर उरलेली पानेही करपली असती.

‘‘म्हणजे माझी रोपं गेली का हो?’’ काकूंनी विचारले. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पण जवळजवळ प्रत्येक रोपाचा शेंडा शाबूत होता आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. आम्ही लगेच ५० टक्के सावलीची शेडनेट बांधली आणि भाजलेली पाने न तोडता तशीच ठेवली, कारण त्यांचा हिरवा भाग अजून रोपाला अन्न पुरवत होता.

काकूंच्या घरी मिरचीचा एक ट्रे अजून शिल्लक होता. रोपांना उन्हाची हळूहळू सवय व्हावी म्हणून तो पहिल्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर, मग रोज थोडा अधिक वेळ, असा आठ-दहा दिवस बाहेर ठेवायचा, त्या काळात पाणी थोडे कमी द्यायचे आणि शेवटी ऊन उतरल्यावर, संध्याकाळी लागवड करायची, असे आम्ही ठरवले. टोमॅटोला नवी पाने फुटली, ती जाड आणि गडद हिरवी होती. मिरचीच्या त्या ट्रेमधल्या रोपांवर मात्र एकही चट्टा आला नाही.