मोजायला बसवणाऱ्या बाई

स्मरणिकेसाठी लिहा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि शिशुवर्गाच्या बाईच डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. बाकीच्या गुरुजनांना नमस्कार, पण हे पान बाईंचं.

मी शिशुवर्गात आले १९८२ च्या जूनमध्ये. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झालेला. लालबाग-परळच्या आमच्या वर्गात जवळजवळ प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी गिरणीत. डबे हलके झाले होते, काहींचे तर येतच नव्हते. बाईंनी शनिवारचे डबेच बंद केले. घरून एक मूठ काहीतरी आणायचं: कुरमुरे, चणे, शेंगदाणे, नाहीतर एखादा कांदा. टाकीमागच्या पडवीत मोठ्या परातीत त्याची भेळ व्हायची. परातीत एक मूठ पडली की बाजूला एक चिंचोका ठेवायचा. ज्याच्या घरून काही आलेलं नसे, त्याला बाई चिंचोके मोजायला बसवत. तो मान मला पुष्कळदा मिळाला. आपण रिकाम्या हातांनी आलोय, हे मला त्या वर्षभरात एकदाही जाणवलं नाही.

एका शनिवारी भेळ वाटून झाल्यावर एक मुलगा उशिरा आला. परात रिकामी. बाई गप्प. मग आम्हीच आपापल्या द्रोणातला एकेक चमचा त्याला द्यायला लागलो. दहाव्या चमच्याला त्याचा द्रोण सांडायला लागला, आणि मागे रांग तशीच उभी!

"तुमच्या द्रोणात किती चमचे आहेत, बघा बरं," बाई म्हणाल्या.

मोजले. न दिलेल्यांकडे आठ, दिलेल्यांकडे सात. म्हणजे त्यालाही सात पुरेत. मग वरचे तीन कुणाला परत द्यायचे, यावर सुट्टी संपेपर्यंत वाद. पाच वर्षांची मुलं आम्ही, आणि भागाकार करत होतो!

आज माझा केटरिंगचा व्यवसाय आहे. पाचशे पानांना तांदूळ किती, डाळ किती, हे मी कागद न घेता सांगते. ते बाईंचं देणं आहे.

हल्ली शिशुवर्गातल्या मुलांपुढे पाच आंबे छापलेला कागद येतो. मुलं रंग भरतात, खाली ५ लिहितात. त्या आंब्यांना वास नाही, ते कुणाला द्यायचेही नसतात. फार वाईट वाटतं.

बाई आता नाहीत. संचालक मंडळाला विनंती आहे की टाकीमागची पडवी शिशुवर्गाला परत द्यावी. परात, द्रोण आणि दर शनिवारचे कुरमुरे माझ्याकडून येतील.