पॉली स्टायरीन आणि शिरोलीची सेकंड शिफ्ट

सेकंड शिफ्ट सुटली की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून घरी येईपर्यंत कानात एक्स-रे स्पेक्स, लंडनचा जुना पंक रॉक बँड. १९७८ चं गाणं ‘आयडेंटिटी’. गाणारी पॉली स्टायरीन. वडील सोमाली, आई ब्रिटिश, आणि स्टेजवरचं नाव मुद्दाम प्लास्टिकचं. आरशात, टीव्हीवर, मासिकात तुला तूच दिसतेस काय, असं ती किंचाळून विचारते. मागं सॅक्सोफोन. पंकमध्ये सॅक्सोफोन! दोस्त म्हणतो, “काय कालवा लावलायस भावा.” असू दे.

बाकीचे पंकवाले इंग्लंडच्या राणीवर, सरकारवर भडकलेले. ही दुकानातल्या मालावर. मला हेच जास्त पटतं. फौंड्रीत टोकन नंबरानं हाक मारतात, त्याचं काय वाटत नाही. पण रविवारी रंकाळ्यावर सगळी पोरं एकाच रीलमधला हेअरकट मारून सेल्फी काढत असतात, आणि त्यात मीपण असतोय.