बोंडअळ्या सगळ्या एका कुळातल्या नव्हेत

कपाशीवर तीन बोंडअळ्या येतात: ठिपक्यांची, हिरवी म्हणजे अमेरिकन, आणि गुलाबी. आडनाव एक असलं तरी कुळं वेगळी. हिरवी नॉक्टुइडी कुळातली, ठिपक्यांची आता नोलिडीत मोजतात, आणि गुलाबी (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) जेलेकिइडी कुळातली. टोमॅटोवरची टूटा आणि बटाटा पोखरणारी पाकोळी या तिच्या खऱ्या भावकीतल्या. २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा पुण्याकडे सापडली ती हीच टूटा. या कुळातले बरेच पतंग चिमुकले, राखी-तपकिरी. मागचा पंख टोकाला निमुळता आणि कडेने लांब केसांची झालर. अळ्या बहुतेक पानाच्या, फळाच्या नाहीतर बियांच्या आत राहतात.

सगळी गोम या 'आत'मध्ये आहे. हिरवी अळी डोकं बोंडात खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवून खाते, म्हणून औषधाला सापडते. गुलाबी अंड्यातून निघाल्यावर तास-दोन तासांत आत शिरते आणि शिरल्याचं छिद्र भरून येतं. वरून बोंड ठणठणीत दिसतं. आत गेलेल्या अळीवर फवारणी म्हणजे पाण्यात पैसे.

त्यामुळे पाहणी बाहेरून करून उपयोग नाही. फुलोऱ्यात डोमकळ्या शोधा: पाकळ्या जाळ्याने शिवलेलं, न उमललेलं फूल. उघडलं की आत अळी. पुढे एकरी २० हिरवी बोंडं, साधारण दोन-तीन आठवड्यांची, वेगवेगळ्या झाडांची तोडून चिरा. गुलाबी रंग शोधत बसू नका, लहान अळी पांढरी आणि काळ्या डोक्याची असते. बोंडाच्या आतल्या सालीवर बारीक बोगदा किंवा फोडासारखा उंचवटा दिसला तरी ते बोंड किडलेलं धरा. २० पैकी २ किडकी म्हणजे १० टक्के, फवारणीची वेळ झाली.

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे, हेक्टरी ५, पिकाच्या वर फूटभर, पीक वाढेल तसे वर सरकवायचे. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, गुलाबीचाच हवा. हिरव्या अळीचा लावून 'पतंगच नाहीत' म्हणणारे दर हंगामात भेटतात. तंबाखूच्या हाताने ल्युअर लावू नये, आणि पाकिटावरच्या मुदतीत तो बदलावा. सलग ३ रात्री दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले तर हालचाल करायची. सापडतात ते फक्त नर, पण अंदाजाला तेवढे पुरेत.

सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. पातळी ओलांडल्यावर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) एकरी ८८ ग्रॅम. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक लवकर मारलं तर पांढरी माशी उसळते, मग दोन आघाड्यांवर लढा.

बीटी, म्हणजे अळीसाठीचं विष स्वतःच तयार करणारी कपाशी, का हरली? संकरित झाडाच्या एकाच बोंडातल्या सरकीत काही दाण्यांत विष असतं, काहींत नसतं. दाणे खाणाऱ्या अळीला अर्धवट डोस मिळतो आणि प्रतिकारशक्तीची तालीम होते. त्यात बिगर-बीटीच्या ओळी, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्या टिकाव्यात म्हणून लावायच्या, बहुतेकांनी लावल्याच नाहीत. २०१७ ला विदर्भ-मराठवाड्याने त्याची किंमत मोजली.

उरतं ते कॅलेंडर, आणि माझ्या मते तेच सर्वांत स्वस्त औषध. दिवस लहान आणि थंड झाले की काही अळ्या दोन सरक्या जाळ्याने चिकटवून त्यांच्या पोकळीत महिनोन्महिने झोपतात. उन्हाळ्याच्या शेवटी-पावसाच्या तोंडावर पतंग निघतात. तेव्हा शेतात पात्या (कपाशीच्या फुलकळ्या) नसल्या तर पिलावळ वाढत नाही. मे महिन्यातली लागवड त्यांना पात्या आयत्या पुरवते, आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पुढे राखलेलं पीक, ठेवली की आणखी पिढ्यांची सोय होते. म्हणून डिसेंबरअखेर पीक काढा. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारातही सापळे हवेत, कारण झोपलेली अळी सरकीबरोबर तिथे पोचते.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर रचायची चाल मात्र मोडवत नाही. रचायचीच असेल तर उपटण्याआधी शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेली बोंडं खाऊ द्या. वाळलेलं, न फुटलेलं प्रत्येक बोंड वेचून जाळा. नाहीतर सरळ श्रेडर (झाडांचा भुगा करणारं यंत्र) फिरवा.