वजाबाकीची सवय

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत नऊ वर्षे रसायनतज्ज्ञ म्हणून काढल्यावर मी आयर्लंडमधल्या एका बाँडेड गोदामाच्या (जिथे कर भरण्याआधीचे मद्य सरकारी देखरेखीखाली साठवतात) प्रयोगशाळेत रुजू झालो. मळीपासून मद्यार्क काढण्यात हात चांगलाच बसलेला होता. मात्र पिंपात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या मद्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. पहिल्याच जानेवारीत १९९३ साली भरलेल्या एका पिंपाची मोजणी माझ्याकडे आली. ते पिंप भरले गेले तेव्हा सबंध बेटावर व्हिस्की गाळणारे कारखाने जेमतेम तीन होते, त्यामुळे गोदामात त्याचा मान मोठा होता.

सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पात्रांत, एकाच कारखान्यात गाळलेली व्हिस्की. आयर्लंडमध्ये १७८५ साली माल्टवर कर बसला आणि पुढे बहुतेक गाळणाऱ्यांनी कर वाचवण्यासाठी मोड न आणलेली बार्ली मिसळायला सुरुवात केली. बुशमिल्ससारखे मोजके कारखाने निव्वळ माल्टला धरून राहिले. तिथे आजही तीनदा गाळतात. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे कौतुकच. इथे मात्र पहिली आणि शेवटची धार बाजूला काढून पुन्हा भट्टीत घालतात आणि मधली तेवढी पिंपात जाते. कायद्याने ती बेटावरच लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि बाटलीत तिची तीव्रता, म्हणजे मद्यार्काचे प्रमाण, ४० टक्क्यांच्या खाली असून चालत नाही.

पिंपाचे बूच काढून लांब नळीने नमुना घेतला. २०० लिटरच्या पिंपात निम्म्याहून थोडेच जास्त उरले होते. गोदामाच्या ओलसर हवेत पाण्यापेक्षा मद्यार्क अधिक उडून जातो, त्यामुळे तिथे तीव्रता वर्षागणिक उतरत जाते, हे मी वाचले होते. पण तरंगमापी, म्हणजे द्रवात तरंगत तीव्रतेची टक्केवारी दाखवणारा मापी, ३६ वर स्थिरावलेला पाहून पोटात गोळा आला. नमुन्याचे तापमान होते ९ अंश. मापी अचूक आकडा दाखवतो ते प्रमाण तापमान २० अंश, फरक ११ अंशांचा, अंशामागे साधारण ०.४ टक्के, म्हणजे ४.४ची दुरुस्ती. दुरुस्तीचा तक्ता उघडण्याचीही तसदी न घेता मी तोंडी हिशेब केला आणि नोंदवहीत ३१.६ लिहून मोकळा झालो.

गोदामप्रमुखांनी आकडा पाहिला आणि काही वेळ ते बोललेच नाहीत. तीस वर्षांचा माल व्हिस्की या नावाने विकता येणार नाही, असाच त्याचा अर्थ होता. मग त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्ही मिळवले की वजा केले?"

कानशिले तापली. आमच्याकडे कोल्हापुरात नमुन्याचे तापमान कायम तिशीच्या पुढे. ऊन द्रव पातळ असतो, मापी खोल बुडतो आणि आकडा फुगलेला दिसतो, म्हणून नऊ वर्षे मी तो नेमाने कमीच करत आलो होतो. इथे थंडीने द्रव दाट झाला होता, मापी वर उचलला गेला होता, म्हणजे ४.४ मिळवायचे होते. तक्त्यातून आलेले उत्तर ४०.४ होते. प्रयोगशाळेतल्या घनतामापकावर नमुना २० अंशांवर आणून पुन्हा तपासला, तेव्हाही तेच आले.

तरीही निश्चिंत होण्यासारखे काही नव्हते, कारण तीव्रता ज्या गतीने उतरत होती ती पाहता पुढचा हिवाळा त्या पिंपाला परवडला नसता. त्याच आठवड्यात माल स्टीलच्या टाकीत काढला. तिथे उडून जाणे थांबते, आणि मुरणेही. पुढे पाण्याचा थेंबही न घालता तो बाटल्यांत भरला गेला.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारून शेजारी सही करावी लागते. त्यामुळे माझे ३१.६ तिथे अजूनही स्वच्छ वाचता येते.