मेजर मॅथ्स, मायनर फिजिक्स आणि ते तेरा नॅनोमीटर

२०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आमच्या कॉलेजात लागू झालं आणि मेजरच्या (मुख्य विषयाच्या) जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घ्यायची भानगड सुरू झाली. माझं मेजर मॅथ्स, सगळे म्हणाले स्टॅट्स घे, मार्क पडतात, पण मी हट्टाने फिजिक्सच घेतलं. थिअरीचं काही वाटलं नाही, डिफरन्शियल इक्वेशन्स आधीच झालेल्या, वाट लावली ती प्रॅक्टिकलने. न्यूटन्स रिंग्ज, म्हणजे सपाट काचेवर ठेवलेल्या फुगीर लेन्समुळे दिसणाऱ्या वर्तुळांवरून प्रकाशाची वेव्हलेंग्थ (तरंगलांबी) काढायची! सोडियमचा दिवा आधी गुलाबीसर, मग तापून पिवळाधमक, मायक्रोस्कोपला डोळा लावून काळी वर्तुळं मोजत बसायचं, आणि पंधराव्या रिंगला मी स्क्रू चुकून उलटा फिरवला. झालं, बॅकलॅश एरर (स्क्रूच्या ढिलाईमुळे येणारी चूक), सगळी रीडिंग्ज पहिल्यापासून. त्यात लगेच पलीकडच्या बिल्डिंगमध्ये रिअल ॲनालिसिसचं लेक्चर (टाइमटेबल करणाऱ्याला कोपरापासून नमस्कार).

पण घरी येऊन रिंग्जच्या व्यासांचे वर्ग घेऊन ग्राफ काढला तर चक्क सरळ रेघ! स्लोपवरून वेव्हलेंग्थ आली ६०२ नॅनोमीटर, पुस्तकात ५८९.३. मॅम म्हणाल्या, चालतंय गं. मला मात्र ते तेरा नॅनोमीटर अजून खुपतायत, स्फेरोमीटरने (वक्रता मोजायच्या उपकरणाने) लेन्सच्या वक्रतेची त्रिज्याच चुकीची मोजली असणार मी.