वाटाण्याची गाठ नखाने फोडून बघा

जून आला की सासवडहून काकांचा फोन ठरलेला, "येताना कल्चरची पाकिटं घेऊन ये रे." कल्चर म्हणजे पेरायच्या आधी बियाण्याला चोळायचं जिवाणू खत, ते शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात मिळतं, त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या पुतण्याचा तेवढाच उपयोग :) पुरंदरचा पावसाळी वाटाणा तुम्ही मंडईत घेतलाच असेल, त्याच पट्ट्यातलं आमचं रान.

काकांचं म्हणणं, कल्चर म्हणजे कल्चर, कुठलंही आण. पण तसं नसतं ना! वाटाणा-मसूरचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नायट्रोजन, म्हणजे नत्र, झाडाला देणारे जिवाणू) वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, सोयाबीनचं तर ब्रॅडीरायझोबियम. मूळ जे रसायन सोडतं ते ओळखणारा जिवाणूच आत शिरून गाठ करतो, बाकीचे नुसते मातीत पडून राहतात. म्हणून पाकिटावर पिकाचं नाव वाचायचं आणि मुदतही, कारण आतला माल जिवंत आहे, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवलात तर मग बियाण्याला नुसती काळी पावडर फासल्यासारखं.

लावायचं सोपंय. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट, गूळ घालून उकळलेलं पाणी पूर्ण गार करून त्यात कालवायचं, हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी.

आमचं खरं भांडण युरियावरून. पीक जरा पिवळं दिसलं की काकांचा हात गोणीकडे जातो. आता झाडाला आयता नत्र मिळाला तर ते जिवाणूंना साखर कशाला देईल, गाठी कमी होतात आणि असतात त्याही नीट काम करत नाहीत. सुरुवातीला थोडा नत्र लागतो हे मान्य, गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला काहीतरी पाहिजेच, हरभऱ्याला पण हेक्टरी 25 किलोची शिफारस आहे, पण नंतर परत परत युरिया टाकायचा असेल तर कल्चरचे पैसे तरी वाचवा की काका.

युरिया टाकायच्या आधी एक करा, फुलं लागायच्या सुमारास एक-दोन झाडं खुरप्याने मातीसकट काढा (उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात), मुळं पाण्यात धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर नत्र तयार होतोय, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद, नत्र बनवणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन सोसत नाही म्हणून हा तो धरून ठेवतो. पांढरट किंवा हिरवट असेल तर ती गाठ कामाची नाही. आणि मूळच फुगल्यासारखं वाटलं, गाठ वेगळी निघतच नसेल, तर ते सूत्रकृमीचं, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांचं काम, ते वेगळंच दुखणं.

बाकी ज्या रानात वर्षानुवर्षं वाटाणा होतोय तिथे हे जिवाणू आधीपासून असू शकतात, मग पाकिटाने फार फरक दिसेलच असं नाही. नव्या रानात जास्त दिसतो. काकांच्या ओढ्याकडच्या तुकड्यात वाटाणा कधीच केलेला नाही, मी म्हटलंय यंदा तिथे दोन सऱ्या बिनकल्चरच्या ठेवा. हो म्हणालेत, बघू.